नंतर म्हंजी कवा?

एप्रिल माझ्या डोळ्यांआधी तळपायांना कळतो. जवळजवळ पंचवीस वर्षं मी कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी चपला काढल्या. बाहेर व्हरांड्याची तापलेली फरशी, आत पाऊल टाकलं की एसीने गार पडलेली जमीन. प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवसांत हा चटका आणि हा गारवा दिवसातून दहादा पायांखालून जायचा. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर राहते, घरात एसी नाही. तरी एप्रिल लागला आणि अनवाणी फिरताना फरशी पायाला लागली, की कुणाचा तरी प्रोग्रॅम अडलाय आणि आपण जाऊन बघायला हवं, असं उगाच वाटत राहतं.

यंदा त्यात भर म्हणून कॉलेजचा फॉर्म आला. नव्याने शिकणाऱ्या मुलांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग शिकवायला कोणतं साधन घ्यावं, हे ठरवायला समिती नेमली आहे आणि ‘आपल्यासारख्या ज्येष्ठांचा अभिप्राय’ हवा आहे. पुण्यात ज्येष्ठ म्हटलं की समजावं, मत विचारतील, ऐकतीलच असं नाही. फॉर्मवर रकाने होते. साधनाचे नाव, फायदे, तोटे. आणि सगळ्यात शेवटी, ‘नंतर शिकवण्यासाठी राखून ठेवावयाचे मुद्दे’. पहिले तीन रकाने मी चहा पिता पिता भरले. चौथ्यापाशी पेन थांबलं ते दोन दिवस थांबलं.

ज्यांचा या विषयाशी कधी संबंध आला नाही त्यांनी घाबरू नये. गोष्ट सोपी आहे. क्लास म्हणजे नमुना, ऑब्जेक्ट म्हणजे त्या नमुन्यावरून केलेली एकेक वस्तू. एवढं कळलं की निम्मा विषय झाला. पण मुलांना इथपर्यंत पोचवायच्या आधी आम्हाला त्यांच्याकडून जावा नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतली एक ओळ लिहून घ्यावी लागायची. ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ आणि पुढे एका कंसात आणखी थोडं काहीतरी. ही ओळ असल्याशिवाय प्रोग्रॅम सुरूच होत नाही. आणि तिच्यातला प्रत्येक शब्द समजायला विषय अर्धा तरी झालेला असावा लागतो, असं आम्ही सगळे मानत होतो. म्हणून पहिल्याच दिवशी ती फळ्यावर लिहायची आणि म्हणायचं, “आत्ता जशीच्या तशी उतरून घ्या. अर्थ नंतर कळेल.” मुलं ती परवच्यासारखी पाठ करत. सात वर्षं मी हे वाक्य म्हणत होते आणि एकाही मुलाने त्यावर काही विचारलं नव्हतं.

ते दिवसच तसे होते. घरटी एक पोरगं अमेरिकेला निघालेलं. विजेच्या प्रत्येक खांबावर ‘जावा शिका’ची जाहिरात, तिच्याखाली मेंदीवाल्याची. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षं झाली होती. यवतमाळ-वर्ध्याकडून आलेली मुलं कॉट बेसिसवर राहून कोर्स करत होती, कारखान्यात पहिली पाळी करून माणसं दुपारी आमच्याकडे येत होती. अशा लोकांसाठी कॉलेजने एक वर्षाचा डिप्लोमा काढला होता. दुपारी दोन ते चार, सोमवार आणि गुरुवार. ही दुपारची बॅच कुणाला नको असायची, म्हणून ती माझ्याकडे आली.

त्या बॅचमध्ये मंगल होती. धायरीची, तेव्हा ते पुण्याच्या कडेचं गाव होतं. वय चौतीस, म्हणजे माझ्याहून सहाच वर्षांनी लहान. पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची पद्धत होती. पोरं इंग्रजीत पाठ केलेलं म्हणत होती. ही उभी राहिली, पदर नीट केला आणि म्हणाली, “मी मंगल. बारावी सायन्स. शाळेत पैली आल्ती, मग लग्न झालं. आमचं रान बिल्डरला गेलं. आता भाकऱ्या थापून झाल्या की दिसभर हात रिकामे. गावच्या शाळेत कॉम्प्युटर आलेत, पन समदे झाकून ठिवलेत. शिकवनारं कोनी न्हाय. मला शिकवायचंय.”

शाळेची अट होती, डिप्लोमा हवा. आणि घरची अट होती सासूबाईंची. एकदा बसायचं. नापास झालीस तर पुन्हा नाव काढायचं नाही. सासूबाईंना मुळात हा विषयच पटलेला नव्हता. ‘जावा शिकायला जाते’ हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, “घरात दोन जावा हायती, त्या पुऱ्या पडंनात व्हय? आन जावा काय शिकायच्या असत्यात? नांदवून घ्यायच्या असत्यात.” हे मंगलने मला सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की शेजारच्या लॅबमधून कुणीतरी डोकावलं. मंगलही हसली, पण लगेच म्हणाली, “खरंच मॅडम, एकदाच हाय माझं. नापास झाले की संपलं.”

तर त्या बॅचच्या पहिल्या तासाला मी नेहमीसारखी ती ओळ फळ्यावर लिहिली आणि नेहमीसारखं म्हणाले, “अर्थ नंतर कळेल.” मंगलचा हात वर.

“मॅडम, नंतर म्हंजी कवा?”

वर्ग हसला. मी जातीची पुणेकर, म्हणाले, “वेळ आली की.” उत्तर बरं जमलं म्हणून मनात खूशही झाले. मग सवयीने वह्या बघत फिरले, तर तिने ओळ सुवाच्य अक्षरात उतरवली होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं, ‘अर्थ : वेळ आली की.’ टोमणा तिला कळलाच नव्हता. किंवा कळला असेल, पण बाईंनी सांगितलेलं आहे म्हणून तिने टिपून ठेवला होता. मला त्या वहीसमोर फार ओशाळल्यासारखं झालं.

साधनांच्या शोधाला मी लागले ती त्या वहीमुळे. दिवाळीच्या सुट्टीत लॅब मोकळी मिळाली. आधी कंपन्यांमध्ये चालतं ते मोठं सॉफ्टवेअर बसवून पाहिलं. आमच्या मशिनवर ते उघडेपर्यंत मी कॅन्टीनला जाऊन चहा घेऊन आले, तरी ते उघडतच होतं. उघडल्यावर एवढी बटणं दिसली की ‘नमस्कार’ एवढंच छापायचं असेल तर त्यातलं कोणतं दाबावं, ते मलाही शोधावं लागलं. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने परदेशातून पाठवलेली एक सीडी लावली. तिथल्या काही शिक्षकांनी फक्त शिकवण्यासाठी म्हणून केलेलं एक छोटं साधन होतं. पडद्यावर क्लास म्हणजे एक डबा दिसायचा. त्यावर माउसचं उजवं बटण दाबलं की त्याच्यापासून एक ऑब्जेक्ट तयार व्हायचा आणि खाली फळीवर लाल डबा होऊन बसायचा. त्या लाल डब्याला विचारा, तो उत्तर देतो. आणि त्या ओळीची गरजच नाही! डबा करा, कामाला लावा. ती सुट्टी मी कशी घालवली ते घरच्यांना विचारा. चकल्या शेजारच्या काकूंनी करून दिल्या.

आमचे विभागप्रमुख देवधर सर. माणूस सज्जन, फक्त उत्साह दिसला की त्यांना सर्दी होते.

“बाई, हे खेळणं आहे,” ते म्हणाले.

“अहो सर, चालायला शिकताना पांगुळगाडा देतातच की.”

“कंपनीत पांगुळगाडा देत नाहीत.”

“कंपनीत चालतं तेवढंच शिकवायचं, तर कॅन्टीनच्या रांगेपासून सुरुवात करावी लागेल.”

ते हसले नाहीत. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, “ठीक आहे. दुपारच्या बॅचला वापरा. परीक्षाही त्यावरच घ्या. तशी ती बॅच काही कंपनीत जाणार नाहीये.” परवानगी मिळाल्याच्या आनंदात शेवटचं वाक्य मला टोचायला घरी पोचेपर्यंत वेळ लागला.

त्यानंतरचे महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले. बॅचने त्या साधनाला नाव ठेवलं, ‘डबे’. “मॅडम, आज डबे का?” असं दारातून विचारत यायचे. दाराबाहेर चपलांची रांग, त्यात कारखान्याचे जाडजूड बूट आणि मंगलच्या अंगठ्याच्या चपला. आत तापलेल्या मॉनिटरांचा तो करपट वास. कीबोर्ड इतके झिजलेले की काही बटणांवरची अक्षरं गेली होती, ती आठवणीनेच दाबायची. पडद्यावर लाल डबे मांडत बसलेली पोक्त माणसं पाहिली की भातुकलीची आठवण व्हायची. पण भातुकली खेळता खेळता ती शिकत होती.

एक दुपार मला लख्ख आठवते. विषय असा होता की एकाच ऑब्जेक्टला दोन नावं देता येतात. एका नावाने त्यात बदल केला की दुसऱ्या नावाने पाहिलं तरी बदललेलंच दिसतं. नवीन माणसाला हे कधीच पटत नाही. त्याला वाटतं दोन नावं म्हणजे दोन वस्तू. मी तीन तऱ्हांनी सांगितलं, चित्र काढलं, सगळे विनम्र चेहरे करून बसलेले. मागून कारखान्यातले एक गृहस्थ म्हणाले, “आपण पुढं गेलं तरी चालेल, मॅडम.” म्हणजे काहीच कळलेलं नाही.

तेवढ्यात मंगल म्हणाली, “सात-बाऱ्यावानी हाय की!”

“म्हणजे?”

“आमचं रान गेलं त्याच्या आदीचं सांगते. रान एकच. सात-बाऱ्यावर नावं चार. तिघं भाऊ आन सासूबाई. आता धाकल्या दिरानं त्याच्या बाजूनं बांध फोडला, तर बांध काय त्याच्या एकट्याचा फुटतो व्हय? चौघांचा फुटतो. रान एकच हाय ना. नावं चार म्हनून चार रानं न्हाईत झाली.”

लॅब एकदम बोलू लागली. ज्याच्या त्याच्या घरी सात-बारा होता, धाकटा दीर होता आणि फुटलेला बांध होता. यवतमाळच्या पोराने तर उभं राहून काकाची तक्रारच मांडली. माझं त्या दिवशीचं काम तिने दोन मिनिटांत केलं होतं. पुढे निवृत्त होईपर्यंत दर वर्षी मी हेच उदाहरण दिलं आणि बहुतेक वेळा ते माझंच आहे अशा थाटात दिलं. हेही एकदा लिहून टाकलेलं बरं.

मग मार्च संपला, एप्रिल आला. कॉलेजच्या फाटकाशी बहावा पिवळाजर्द लटकायला लागला, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज वर्गात यायला लागला. ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ अजून राहिलं होतं. मी ते मुद्दाम मागे ठेवलं होतं. सगळं समजून झालं की शेवटच्या दोन गुरुवारी ती ओळ घ्यायची, म्हणजे मुलांना ती आपोआप उलगडेल, असा माझा बेत. वहीत तारखा घालून लिहिलेला. बेत चांगला होता. फक्त मी गुरुवार निवडला होता.

पुण्यात राहून गुरुवार निवडणाऱ्या बाईला काय म्हणावं! दुरुस्तीच्या कामासाठी वीज बंद ठेवायचा आमचा दिवस गुरुवार, हे शेंबडं पोरही सांगेल. वर्षभर अधूनमधून जायची, तेवढं चालून जायचं. त्या एप्रिलमध्ये दोन्ही गुरुवारी दिवसभर गेली. एसी बंद, पडदे काळे, लॅब भट्टीसारखी तापलेली. पहिल्या गुरुवारी मी म्हणाले, “लाइट नाही, डबे दिसणार नाहीत. नंतर घेऊ.” आणि वर्ग सोडून दिला. दुसऱ्या गुरुवारी तेच. मंगल चपला घालता घालता थांबली. “मॅडम, ती वळ?” मी म्हणाले, “सोमवारी.” सोमवारी उजळणी होती आणि जर्नलवर सह्या. चाळीस जर्नलांवर सह्या करताना माणसाचं डोकं चालत नाही, हात चालतो. ती ओळ राहून गेली. राहिली आहे हेसुद्धा माझ्या लक्षात राहिलं नाही.

परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक हडपसरच्या कुठल्याशा कंपनीत होते. तरुण, मे महिन्यात टाय लावलेला. त्यांनी डबे पाहिले आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, “हे नको. साधं नोटपॅड उघडू दे सगळ्यांना. मुलांना भाषा येते की साधन येतं, हे कळायला हवं.” मी देवधर सरांकडे पाहिलं. सर कॅलेंडरकडे पाहू लागले. सहा महिन्यांपूर्वी तोंडी दिलेला शब्द त्या खोलीत आठवायला कुणी तयार नव्हतं.

नोटपॅड म्हणजे कोरा पांढरा पडदा. डबे नाहीत, उजवं बटण नाही. आणि प्रोग्रॅम सुरू करायचा तर ती ओळ हवीच. तेव्हा कुठे मला ती राहिलेली आठवली. मी वळून पाहिलं, तर सगळे भराभरा टाइप करत होते. ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’, कंसासकट, बिनचूक. नंतर कळलं, जवळजवळ सगळ्यांनी बाहेर क्लास लावला होता. तिथे पहिल्याच दिवशी ती पाठ करून घेतली होती, अर्थाच्या भानगडीत न पडता. आमच्याकडे क्लास हा शब्द दोन अर्थांनी चालतो. मी त्यातला एकच शिकवत होते.

बाहेरचा क्लास न लावलेली एकच होती. तिचा सगळा भरवसा माझ्यावर. पहिल्या दिवशी वहीत उतरवलेली ओळ, बाई अर्थ सांगतील तेव्हा बघू, म्हणून तिने पाठ केलीच नव्हती.

मंगलच्या चिठ्ठीवर ग्रंथालयातल्या पुस्तकाचा प्रश्न आला होता. तिने पुस्तकाचा क्लास लिहिला होता, आणि काय देखणा लिहिला होता! पुस्तक बाहेर गेलेलं असेल तर दुसऱ्याला देता येणार नाही, तेच पुस्तक दोघांनी मागितलं तर काय, सगळा विचार केलेला. परीक्षकांनी वाचलं, मान डोलावली. मग विचारलं, “छान. पण हे सुरू कुठून होणार?”

“डब्यावर उजवं बटन दाबायचं, सर.”

“आणि डबा नसेल तर?”

मंगलने माझ्याकडे पाहिलं. “ते... ते नंतर हाय, सर.”

परीक्षकांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. माझ्याकडे वळून त्यांनी सरळ विचारलं, “मॅडम, हे शिकवलंय ना?”

‘नाही, माझ्याकडून राहिलं.’ एवढे तीन शब्द होते. ते म्हटले असते तर त्या सज्जन माणसाने तिला ओळ सांगितली असती, किंवा दुसरा प्रश्न दिला असता. पण देवधर सर शेजारी उभे होते. खेळणं म्हणाले होते ते. मी म्हणाले, “सिलॅबसमध्ये आहे.”

हे खोटं नव्हतं. म्हणूनच मला त्याची आजवर लाज वाटते. परीक्षकांनी प्रोग्रॅम चालवायचे गुण कापले. पासाला चार गुण कमी पडले.

दुसऱ्या दिवशी मंगल माझं एक पुस्तक परत द्यायला आली. दाराशी चपला काढल्या, आत आली, पुस्तकाला घातलेलं वर्तमानपत्राचं कव्हर सरळ केलं. मला वाटलं रडेल किंवा बोलेल. ती म्हणाली, “डबे चांगलं व्हते, मॅडम. मला समदं कळलं. फकस्त चालू कुठनं करायचं, तेवढं ऱ्हायलं.” आणि गेली. तिच्या आवाजात राग असता तर मी घरी जाऊन जेवू शकले असते.

गुरुवारी मी स्कूटीला किक मारली. तोंडाला ओढणी गुंडाळून, राजाराम पूल ओलांडून, धायरीपर्यंत. तेव्हा फाट्यानंतर अजून शेतं दिसायची, आणि शेताच्या मधोमध अर्धवट उभ्या इमारती. मंगलचं घर नवं, दुमजली, गुलाबी रंगाचं. अंगणात ट्रॅक्टर ताडपत्री घालून ठेवलेला, नांगरायला रान नव्हतं. ओसरीसमोर बाजेवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि सासूबाई काठी घेऊन कावळे हाकत बसल्या होत्या. लाइट अर्थातच नव्हती.

मी सांगितलं, “मी मंगलची शिक्षिका. ती नापास झाली त्यात तिची चूक नाही. एक गोष्ट माझ्याकडून शिकवायची राहिली, आणि परीक्षेत विचारलं तेव्हा मी ते कबूल केलं नाही. चूक माझी आहे.”

सासूबाईंनी काठी खाली ठेवली. “म्हंजी मास्तरीन चुकली आन नापास हिनं व्हायचं?”

“हो.”

“लई भारी शाळा हाय तुमची.” मग, “काय ऱ्हायलंय शिकवायचं?”

“एक ओळ.”

“एक वळ?” त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “मग शिकवा की. हितंच. आत्ता.”

मी तोंड उघडलं होतं. लाइट नाही, मशिन नाही, असं काहीतरी म्हणणार होते. मंगल आतून पाणी घेऊन आली होती, ती उंबऱ्यात उभी होती. मी तोंड मिटलं. लग्नसराईचे दिवस, कोनाड्यात पत्रिकांचा गठ्ठा होता. त्यातली एक उलटी केली आणि पाठकोऱ्या बाजूवर ती ओळ लिहिली.

“पब्लिक. म्हणजे बाहेरच्या कुणालाही इथे येऊन हाक मारता येते.”

“आमची वसरी,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

“स्टॅटिक. म्हणजे अजून एकही डबा केलेला नसला तरी हे हजर असतं.”

मंगलने पत्रिका आपल्याकडे वळवली. “घरात चूल मांडायच्या आदी उंबरा असतो, तसं?”

“अगदी तसं. व्हॉइड. म्हणजे काम करतं, पण परत काही देत नाही.”

“धाकला आमचा,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि मेन म्हणजे सुरू होण्याची जागा. थोरलं दार. मशिन पहिल्यांदा इथेच येतं. कंसातलं म्हणजे पिशवी. येताना बाहेरून कुणी काही आणलं तर ठेवायला.”

मंगलने पत्रिका हातात घेतली. ओठ हलवत एकदा वाचली, मग प्रत्येक शब्दावर बोट ठेवून पुन्हा. मग म्हणाली, “बास? एवढंच व्हतं?”

मी घड्याळ पाहिलं. अठरा मिनिटं झाली होती. त्यात पाणी पिणं आलं, एक कावळा हाकलणं आलं. सात वर्षं मी ज्याला ‘नंतर’ म्हणत आले ते अठरा मिनिटांचं काम होतं, आणि त्याला वीज लागत नव्हती, डबे लागत नव्हते. लागत होती ती समोर बसलेल्या बाईला ते कळू शकेल याची खात्री. ती माझ्यापाशी नव्हती. मला तिथे बाजेच्या कडेला बसून रडू आलं. सासूबाईंना वाटलं ऊन लागलं. त्यांनी गूळ आणवला.

निघताना त्यांनी निकाल दिला. “हे मोजायचं न्हाय. मास्तरनीची चूक हाय ती. मंगल, पुन्यांदा बस तू.” आणि मला म्हणाल्या, “पर एक सांगते बाई, जावा घरच्याच बऱ्या.”

मंगल ऑक्टोबरला बसली, नोटपॅडवर, आणि चांगल्या गुणांनी पास झाली. झालेलं सगळं मी देवधर सरांना लेखी कळवलं. त्यांनी वाचलं, “हं” म्हणाले आणि कागद फाइलला लावला. डबे मात्र पुढच्या वर्षी सगळ्या बॅचेसना सुरू झाले. का ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. धायरीच्या शाळेतल्या कॉम्प्युटरांवरची फडकी मंगलने काढली. अजून तीच शिकवते तिथे. धायरी आता गाव राहिलेली नाही. त्या गुलाबी घराच्या तिन्ही बाजूंना बारा-बारा मजले उभे आहेत.

परवा न राहवून तिला फोन लावला. फॉर्मचं सांगितलं. आता साधनं उदंड झालीत, कुठलं सुचवू, विचारलं. मागे पोरांचा कलकलाट चालला होता. ती म्हणाली, “कुठलं बी घ्या, मॅडम. पोरांना समदं चालतं. फकस्त नंतर सांगते म्हनलं ना, की वार सांगायचा. मी तर फळ्यावर लिवूनच ठेवते.” मग कुणाला तरी दटावून पुन्हा फोनवर आली आणि मला विचारलं, “आन फॉर्म कवा देनार तुमी?”

मी सवयीने म्हणणार होते. जीभ चावली.

काल चौथा रकाना भरला. ‘नंतर शिकवण्यासाठी राखून ठेवावयाचे मुद्दे’ याच्यासमोर लिहिलं : काही नाही. राहिलंच तर बुधवारी घ्यावं. गुरुवारी लाइट नसते.